सर्दीचा ठोका

एक वेळ सोडली, तर आमच्या घरमालकांनी कधी कुणाच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, असं मला आठवत नाही. त्यांना त्याची गरजच पडत नसे. ओट्यावर गल्लीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि तिथूनच सांगायचे, याला सर्दी आहे, त्याला फ्लू आहे. सांगायचे म्हणजे हळूच नव्हे बरं का! पार कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आणि बाप्पा, खरं निघायचं!

सगळी गल्ली त्यांना आबाजी म्हणायची, म्हणून आम्हीही आबाजीच म्हणायला लागलो. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नुकतंच लग्न होऊन आम्ही दोघं वर्ध्याहून नागपुरात आलो होतो. हे लकडगंजातल्या एका लाकडाच्या वखारीत नोकरीला, मी प्राथमिक शाळेत मास्तरीण. खोली मिळाली ती विणकरांच्या गल्लीत. घराघरात हातमाग, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सूत घेऊन धोटा धावल्याची सर्र आणि विणीवर फणी आपटल्याचा ठक्. पहिला महिनाभर माझं डोकं नुसतं भणभणायचं. वर्गातली पोरं पाढे म्हणायची तेव्हासुद्धा मला मागच ऐकू यायचा.

आमची खोली म्हणजे आबाजींचीच जुनी मागाची खोली. गुडघे गेल्यावर त्यांनी विणणं सोडलं, माग मोडून माळ्यावर टाकला. पण विणकर पाय सोडून बसतो तो जमिनीतला खड्डा तसाच होता. त्यावर फळ्या टाकलेल्या, आणि फळ्यांवर आमचा पलंग. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"खड्डा बुजवाचा नाही, मास्तरीणबाई. बाकी घर तुमचंच समजा."

बुजवतेय कशाला? मी त्यात तांदळाचा डबा ठेवला. उंदीर पोचत नसत, आणि मला वाकायला तेवढा त्रास.

माणूस उंच, काटकुळा, पांढऱ्या मिशा, खांद्यावर गमछा. डिसेंबरातल्या कडाक्यातही डोकं उघडं. दुसऱ्या कुणाचे कान उघडे दिसले की आबाजी खेकसायचे, "कानटोपी घाल बे, हवा लागन!" एकदा मी म्हटलं, आबाजी, तुम्ही का नाही घालत? तर म्हणाले, "मी कान झाकले तं गल्ली कोन ऐकन?"

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. कसली थट्टा! तो त्यांचा धंदाच होता.

त्यांच्या विद्येचा पहिला फटका मलाच बसला. एका सकाळी मला धडाधड शिंका येत होत्या. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. मनात म्हटलं, चला, आज शाळेला दांडी. अंथरुणात परत शिरतच होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून गर्जना झाली.

"मास्तरीणबाई! सर्दी हाय ते. शाळेत जा."

अशी चिडले मी! मला काय झालंय ते मला कळत नाही आणि यांना भिंतीतून कळतं? म्हटलं, "अंग मोडून आलंय माझं."

"अंग मोडलं असतं तं एवढ्या जोरात शिंकल्या नसत्या तुम्ही. अन् भांडल्या तं मुळीच नसत्या."

गेले शाळेत. दुपारपर्यंत नाक सोडलं तर ठणठणीत होते. मेला राग आणखी वाढला.

पण थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी हे वखारीतून परतले. मी मोरीत भांडी घासत होते. ओट्यावरून आबाजींचा आवाज आला, या वेळी गर्जना नाही, नेमका आणि घाईचा. "बाई, भांडे ठेवा. मालकाले पाहा तुमच्या. फ्लू दिसते." मी धावत गेले. हे बुटांसकट पलंगावर आडवे, अंग भट्टीसारखं तापलेलं, डोळे उघडवत नाहीत. तोवर घरात एक शब्द बोलले नव्हते. आबाजींना कसं कळलं म्हणाल, तर आमचे हे रोज आल्या आल्या एकेक बूट भिरकावून द्यायचे, त्याचा दण् दण् आवाज व्हायचा. त्या दिवशी तो आलाच नाही.

"सर्दीवाला मानूस जोडे काढते," आबाजी म्हणाले. "चीडचीड करते, चहा मांगते. फ्लूवाल्याले जोडे काढाचाही कंटाळा येते."

त्या दिवसापासून मी या माणसापुढे मनातल्या मनात हात जोडले. शप्पथ सांगते, भीतीच वाटायची थोडी.

एकदा मी त्यांना विचारलंच, गल्लीतल्यांचं दुखणं मागाच्या आवाजावरून कसं ओळखता? ते खूश झाले. भिंतीकडेच तोंड ठेवून त्यांनी मला शिकवणी दिली.

"ऐका. सर्दीवाला थांबते. शिंकला, नाक पुसलं, पानी पेलं, पुन्हा बसला. पन बसला का ठोका तोच. जोर तोच. सर्दी नाकात राह्यते, खांद्यात नाही उतरत. फ्लूवाला सुरूसुरूले थांबत नाही. ओढत राह्यते. पन ठोका ढिला. हाडं ठणकून राहिली तं फनी कशी ओढन तो? अन् मंग एकदा थांबला, का थांबलाच."

आणि शंका राहिली तर त्यांचा एकच प्रश्न असे. "कधीपासून?" एखादा विणकर खाकरत यायचा, म्हणायचा, "काय माहीत आबाजी, परवापासून का तेरवापासून घसा खवखवून राहिला, मंग नाक सुरू झालं." याला ते हाकलून द्यायचे. "सर्दी हाय. रस्सा पे तिखट, अन् माग लाव." पण दुसरा येऊन म्हणाला, "काल दुपारी, घास तोंडात होता आबाजी, अन् एकदम हुडहुडी भरली," की त्यांचा आवाज खाली यायचा. "घरी जाय गा. झोप. पेज पे, पानी पे, लेकरायपासून दूर राह्य. अन् छातीत दुखलं, श्वास लागला, तं माह्याकडे येऊ नको. डॉक्टरकडे पळ." सर्दी कधी आली ते माणसाला सांगता येत नाही, हळूहळू आत शिरते. फ्लू कुठल्या घासाला आला ते माणूस विसरत नाही. हे मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि पुढे शाळेतल्या पोरांना घरी पाठवायचं की वर्गात बसवायचं हे यावरूनच ठरवत आले.

आता सांगायचं ते त्यांच्या पाठीबद्दल.

गल्लीकडे पाठ करून का बसतात, हे मी त्यांना विचारलं नाही, एवढी अक्कल मला होती. नळावर त्यांच्या सुनेनंच सांगितलं. सून समोरच्या घरात राहायची. म्हणजे आबाजींचा एकुलता एक मुलगा आणि ती, आमच्या ओट्यासमोर, मध्ये फक्त एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. आणि बापलेक कित्येक वर्षं बोलत नव्हते!

आबाजींच्या घराण्यात नऊवारी लुगडी विणायची, रेशमी काठाची. पण बायका पाचवारी नेसायला लागल्या, व्यापारी लुगड्याला हात लावेनात. मुलगा शहाणा, त्यानं विणकर सोसायटीचं सूत आणलं आणि चादरी विणायला घेतल्या. बापाला ते असं झोंबलं म्हणता! "ज्यानं काठ सोडला त्याचं तोंड मी पाह्यनार नाही." मुलगाही त्यांचाच. म्हणाला, "तं नका पाहू." बायकोला घेऊन समोर राहायला गेला. तेव्हापासून आबाजी भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच.

"पन कान तं इकडेच राह्यते त्यायचे," सून हसून म्हणाली. ती उमरेडची, विणकराचीच लेक. हसली खरी, पण पदर डोळ्याला लावूनच.

तिचं खरं होतं. दिवसातून एकदा तरी आबाजी पुटपुटायचे, "ऐकलं का बाई? डावा ठोका आजही लंगडा." मुलगा लहानपणी चिंचेवरून पडला होता, डावं मनगट मोडलं, ते किंचित वाकडं बसलं. धोटा डावीकडे गेला की त्याचा ठोका उशिरा पडायचा. ठक्... मग जरा थांबून ठक्. मला ते कळायला वर्ष लागलं. आबाजींनी त्यापायी पोराला लहानपणापासून बोलणी खायला लावलेली. हात सारखा चालव, सारखा चालव. आणि अबोला धरला तरी ती बोलणी थांबली नव्हती, आता ती भिंत खात होती.

मग एका थंडीत गल्लीत फ्लू शिरला. एकेक माग बंद पडू लागला. आबाजी उघड्या डोक्यानं ओट्यावर बसून ऐकायचे, आणि मला किंवा ह्यांना सांगायचे, अमक्याच्या घरी जाऊन या, तिथं आज कुणी उठलं नाही. आम्ही जायचो, तर सगळं घर अंथरुणावर, पाणी द्यायलाही कुणी नाही. गल्लीत त्या थंडीत जी माणसं वाचली त्यातल्या किती जणांना या म्हाताऱ्याच्या कानांनी वाचवलं, ते देवच जाणे. पण मला कळत होतं, सगळ्या गल्लीचं ऐकताना त्यांचा जीव एकाच मागावर लटकलेला आहे. समोरचा माग वाजला की ते चहाचा घोट घ्यायचे. तोवर कप हातातच.

एक दिवस तो माग अडखळला. चालला, थांबला. पुन्हा चालला, पुन्हा थांबला, चार ठोकेही सलग पडेनात. आबाजी मान वाकडी करून ऐकत राहिले. मग एकदम सैल झाले.

"सर्दी हाय," म्हणाले. "थांबून राहिला, पन जोर आहे ठोक्यात. सर्दीच हाय लेकाले."

दुसऱ्या दिवशीही तेच. आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला हाक मारून सुंठेचा तुकडा आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. "समोर देऊन या. माह्याकडून आहे म्हनू नका हो!"

मी गेले. कडी वाजवली. आत माग चालू होता, तो थांबला. सुनेनं दार वीतभर उघडलं. केस विस्कटलेले, घामेजलेली. म्हटलं, कसं आहे? "सर्दीच आहे बाई," ती म्हणाली, आणि सुंठ-गूळ घेऊन माझ्याकडे न बघताच दार लोटलं. मला जरा विचित्र वाटलं. पण थंडीत कुणाचा मूड बरा असतो?

मी ओट्याशी परत येते तो माग पुन्हा सुरू झाला. आबाजींनी कान दिला. आणि मी त्यांच्या घरात राहायला आल्यापासून जे कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"वा! आज कसा विनून राहिला पाहा! दोन्ही ठोके सारखे!"

मला इतका आनंद झाला! म्हटलं, आता हे मिटतंय. हेसुद्धा पेपर बाजूला ठेवून दारात आले. मी उत्साहानं सांगायला लागले, "सून दाराशी आली ना आबाजी, तेव्हा माग थांबला होता. ती आत गेली आणि लगेच सुरू..."

आबाजींनी हात वर केला.

ठक्. ठक्. ठक्. ठक्. मलाही आता ऐकू आलं. सरळ, सारखे, सुंदर ठोके.

"एवढं चांगलं," आबाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही, "एवढं चांगलं नाही विनत तो."

ते उठले. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेऊन उठले, आणि गल्ली ओलांडायला निघाले. मी मागून. समोरच्या दाराशी पोचल्यावर मात्र शपथ आठवली असावी. ते वळले, दाराकडे पाठ केली आणि गल्लीकडे बघत ओरडले.

"सूनबाई! माग सोड. कधीपासून हाय त्याले?"

माग थांबला. आतून रडणं ऐकू आलं. "तेरवा... दिवा लावून राहिली होती मी, काडी ओढली, अन् ते म्हने थंडी वाजून राहिली. तवापासून उठलेच नाही."

काडी ओढली तेव्हा. नेमका क्षण सांगता आला, म्हणजे फ्लूच.

"अन् मंग माग कायले चालवून राहिली वं तू? डॉक्टर काहून नाही आनला?"

"त्यायनंच सांगतलं. म्हने तू उमरेडची हायस, तुले विनता येते. माग थांबू देऊ नको. थांबला तं समोर बुढा बसला हाय, त्याच्या जिवाले घोर लागन. मी म्हनत होती डॉक्टरले आनू, तं म्हने आनला का बुढ्याले समजन. उद्या उतरन ताप, उद्या उतरन, म्हनत राहिले. आज तं बोलतही नाही. श्वास लागून राहिला नुसता."

मधे मधे थांबत होती ती नवऱ्याला पाणी पाजायला, कपाळावरची पट्टी बदलायला. आणि इकडे आम्ही ऐकत होतो, नाक पुसायला थांबला. आबाजींच्या नियमात ते अगदी चपखल बसलं होतं. जगात दुसऱ्या कुठल्या घरानं बापाला फसवलं नसतं असं. आणि जगातला दुसरा कुठला बाप फसला नसता.

आबाजी वळले. शपथ गेली चुलीत. आत गेले आणि मुलाच्या उशाशी खाली बसले, त्याचं तोंड पाहत. किती वर्षांनी पाहत होते! तो गालफडं बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, छाती भराभर वरखाली होत होती. त्यानं बापाला ओळखलं नाही. आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, आबाजींनी हात पुढे केला आणि त्याच्या कपाळावर ठेवला.

ह्यांनी सायकल काढली, रिक्षा आणली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फ्लू छातीत उतरलाय, आज आणलंत ते बरं केलंत, उद्यापर्यंत थांबला असता तर कठीण होतं. सून तिथंच भिंतीला टेकून बसली.

मुलाचे दवाखान्यातले दिवस आबाजींनी वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढले. मुलगा शुद्धीवर यायला लागला, तसे हे बाहेर सरकत गेले, आणि वॉर्डाकडे पाठ! मी डबा घेऊन गेले की सांगायचे, "आज खोकला ओला झाला. आता निघन." एवढं सगळं होऊन दोघं एकमेकांशी बोलले असतील म्हणता? नाव नको. मुलगा घरी आला, तरी सुनेमार्फत कारभार. "त्याले सांग, पेज पूर्न पे म्हना." "त्यायले सांग, पेली म्हना." दोघांमध्ये पाच हातांचं अंतर, आणि ती बिचारी मध्ये उभी. मला तर वाटायचं दोघांची डोकी धरून एकमेकांवर आपटावी. मरता मरता वाचला पोरगा, आता कशाची वाट पाहताय?

समोरचा माग बंदच होता. सुनेचे खांदे भरून आले होते, आणि मुलाला उठून बसवत नव्हतं. अर्धी चादर तशीच ताणलेली. सोसायटीचा माणूस येऊन विचारून गेला. अशाच एका दुपारी मी मुगाची खिचडी घेऊन समोर गेले. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, हो, तोही भिंतीकडेच! सून जवळ बसून पाय चेपत होती. आणि माझ्या मागून आबाजी आत आले. कुणाकडेही न बघता सरळ मागाशी गेले, गमछा कमरेला बांधला, मागाचा दांडा धरला, आणि एकेक पाय उचलून खड्ड्यात सोडला. गुडघ्यांची कटकट मला दारापर्यंत ऐकू आली. ज्या चादरीपायी पोराचं तोंड पाहणं सोडलं होतं, त्याच चादरीसमोर म्हातारा बसला. धोटा उचलला.

सर्र. ठक्.

सुनेचे हात थांबले. माझ्या हातात खिचडीचं पातेलं तसंच. काय तो ठोका होता! हलका, थकलेला, पण असा सरळ, की मला वाटलं आत्तापर्यंत या गल्लीत जे ऐकलं ती नुसती आदळआपट होती. कितीतरी वेळ ते विणत राहिले. मग मध्येच एक ठोका नीट बसला नाही. पुढचाही नाही.

भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा तसाच पडून होता. वळला नाही. पण बोलला.

"बाबा. ठोका ढिला पडून राहिला तुमचा. सर्दी हाय, का फ्लू?"

धोटा थांबला. आबाजींची पाठ आमच्याकडे होती. त्यांचं तोंड मला दिसलं नाही, फक्त खांदे दिसले. त्यांनी कमरेचा गमछा सोडला आणि बराच वेळ तोंड पुसत राहिले.

"सर्दी हाय रे," ते म्हणाले. "नुसतं पानी येऊन राहिलं."

मग गमछा खांद्यावर टाकला, फणी ओढली, आणि पुन्हा विणायला लागले. या वेळी ठोका पुऱ्या जोराचा होता.